महूच्या रस्त्यावर

इंदूरला पाहुणे आले की आपण त्यांना राजवाडा दाखवतो, काचमंदिर दाखवतो, लालबागेत फिरवून आणतो आणि रात्री सराफ्यात उभे करून भुट्ट्याचा कीस खाऊ घालतो. शहराच्या दक्षिणेकडून महूला जाणारा रस्ता मात्र कोणी कोणाला मुद्दाम दाखवीत नाही. त्यात दाखवण्यासारखे आहे तरी काय? ट्रकांची रांग, पीथमपूरच्या कारखान्यांच्या बसगाड्या, नव्या वसाहतींच्या कमानी आणि धूळ. तथापि ज्या घरात कोणी चालती नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी होण्याची भाषा बोलू लागले आहे, त्या घराने हा बावीस-तेवीस किलोमीटरांचा रस्ता एकदा सावकाश पाहावा असे मी म्हणेन. विद्या कोठे घ्यावी, तिच्यासाठी पैसा कोठून आणावा आणि त्या पैशाबरोबर कोणत्या अटी घरात येतात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ह्या एका रस्त्याच्या कडेला मांडून ठेवलेली आहेत.

मला हा रस्ता असा पाहण्याचे कारण घडले ते माझ्या भाच्यामुळे. त्याचे वय एकतीस, शिक्षण यंत्र-अभियांत्रिकीचे, नोकरी पीथमपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात. पत्नी शिक्षिका, मुलगी तीन वर्षांची, आईवडील सुदामानगरात. म्हणजे रूढ अर्थाने सर्व काही मार्गी लागलेले. परंतु २०२१ च्या एप्रिल महिन्यात कारखान्यांतला प्राणवायू इस्पितळांकडे वळवला गेला, तेव्हा ह्या मुलाची नेमणूक सिलिंडरांबरोबर झाली आणि तीन आठवडे तो एका इस्पितळात नळ्या, झडपा आणि दाबमापके सांभाळीत राहिला. परत आला तो बदलूनच. तेथे डॉक्टर होते, औषधे होती, माणसे जिवापाड राबत होती. पण रात्री दोन वाजेपर्यंत किती सिलिंडर पुरतील हे सांगू शकणारा कोणी नव्हता. "मामा, यंत्र बंद पडण्याआधी आवाज करून सांगत असतं. तिथेही सांगत होतं, ऐकायला कुणी नेमलेलंच नव्हतं," असे तो मला म्हणाला. तेव्हापासून त्याच्या मनाने घेतले की आपण इस्पितळाची व्यवस्था शिकावी. घरात हे ऐकून जी शांतता पसरली तिचे वर्णन करण्याची गरज नाही. वाचकांच्या घरांतही ती केव्हातरी पसरली असेल.

एका रविवारी आम्ही दोघे निघालो. पहिला मुक्काम भंवरकुआ चौकाचा. येथेच होळकर महाविद्यालयाची जुनी वास्तू आहे. शिवाजीराव होळकरांच्या काळात, १८९१ साली, हे महाविद्यालय सुरू झाले. आज त्याच्या अवतीभवती स्पर्धापरीक्षांच्या शिकवण्यांचे जे रान माजले आहे ते पाहून त्या दगडी इमारतीला काय वाटत असेल कोण जाणे. प्रत्येक खांबावर यशस्वी उमेदवारांची छायाचित्रे, प्रत्येक गल्लीत खाणावळ आणि अभ्यासिका. येथल्या शिकवण्यांचा सगळा रोख विशीतल्या मुलांवर असतो. एकतीस वर्षांचा, दाढीत एखाददुसरा पांढरा केस दिसू लागलेला उमेदवार चौकशीला गेला की समोरचा माणूस प्रथम विचारतो, "मुलासाठी की धाकट्या भावासाठी?" माझ्या भाच्याला हा प्रश्न दोन ठिकाणी विचारला गेला. तो हसला, मीही हसलो. पण तो प्रश्न दिवसभर आमच्याबरोबर चालत राहिला.

चौकातून खंडवा रस्त्याला वळले की देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर लागतो. इंदूरला विद्यापीठ असावे ही कल्पना जुनी आहे. पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ साली होळकर दरबाराला जो मोठा अहवाल सादर केला, त्यात गटारे, रस्ते आणि नदीकाठ यांच्या जोडीला इंदूरच्या विद्यापीठाचाही सविस्तर विचार आहे. प्रत्यक्ष विद्यापीठ उभे राहिले १९६४ साली. अहिल्याबाईंचे नाव त्याला १९८८ मध्ये मिळाले. अहवालापासून स्थापनेपर्यंत शेहेचाळीस वर्षे! सरकारी कामाला वेळ लागतो ही आपली तक्रार त्या मानाने क्षुल्लकच म्हणावी लागेल. मात्र व्यवस्थापनशास्त्राच्या बाबतीत ह्या विद्यापीठाने दिरंगाई केली नाही. त्याची व्यवस्थापन अध्ययन संस्था १९६९ मध्येच निघाली. अहमदाबाद आणि कलकत्ता येथील पहिल्या दोन भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ च्या. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी इंदुरात हे शिक्षण मिळू लागले, ही गोष्ट खुद्द इंदूरकरांनाही क्वचितच ठाऊक असते. येथे सर्वसाधारण एम.बी.ए.बरोबर इस्पितळ-व्यवस्थापनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. शुल्क खाजगी किंवा केंद्रीय संस्थांच्या मानाने कितीतरी कमी. आवारात झाडी भरपूर, इमारती साध्या, आणि रविवार असल्यामुळे कुत्री निवांत झोपलेली. भाच्याने दारावरच्या फलकाची वही काढून नोंद केली. मला ती जागा पाहून, खरे सांगायचे तर, विशेष उत्साह वाटला नाही. आपल्या डोळ्यांना मोठ्या कमानींची सवय लागलेली असते.

परत आग्रा-मुंबई रस्त्याला येऊन आम्ही राजेंद्रनगराकडे निघालो. हा भाग आपल्या लोकांचा. येथे अजून दारांवर देशपांडे, मुळे, खांडेकर अशा पाट्या दिसतात आणि गणपतीत आरत्यांचे सूर कानी येतात. येथे एका परिचितांकडे चहा झाला आणि तेथेच शिष्यवृत्त्यांचा विषय निघाला. बृहन्महाराष्ट्रातल्या कुटुंबांना ह्या विषयात एक चमत्कारिक अडचण येते, ती जरा विस्ताराने सांगतो.

आपण घरात मराठी बोलतो, मंगळागौर पुजतो, दिवाळी अंक मागवतो. त्यामुळे मनाने आपण महाराष्ट्राचेच असतो. कागद मात्र मन पाहत नाही. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी शुल्क माफक आणि नाव मोठे, म्हणून आपल्या मुलांचे लक्ष तिकडे जाते. पण तेथील बहुतांश जागा महाराष्ट्रातील उमेदवारांसाठी असतात आणि इंदूरचा मुलगा अखिल भारतीय हिश्श्याच्या थोड्या जागांसाठी साऱ्या देशाशी झगडतो. ज्या गावात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरली, त्या गावचा मराठी मुलगा प्रवेशाच्या यादीत 'राज्याबाहेरचा' असतो! बेळगावकडच्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या नियमांत खास स्थान दिलेले आहे, आणि ते योग्यच आहे. माळव्यातल्या मराठी घराला मात्र तसे काही नाही. परदेशी शिक्षणासाठी महाराष्ट्र शासन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावे जी शिष्यवृत्ती देते, तिलाही महाराष्ट्राचे रहिवासी असणे आवश्यक आहे. उलट मध्य प्रदेश शासनाच्या योजनांसाठी येथील मूल निवासी प्रमाणपत्र लागते, आणि पुण्यामुंबईस शिकून, तेथेच चारदोन वर्षे नोकरी करून परतलेल्या आपल्या मुलांपाशी ते वेळेवर नसते. तेव्हा ज्यांची मुले वीस-बावीस वर्षांची आहेत त्यांनी हा दाखला आजच काढून ठेवावा. त्याला फारसा खर्च नाही. तहसील कचेरीत एक-दोन खेपा पडतील इतकेच.

दुसरी अडचण वयाची आणि पगाराची. येथील मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून आहे, पण ती बारावीच्या गुणांवर पदवी-शिक्षणासाठी. माझ्या भाच्यासारख्याला तिचा काय उपयोग? केंद्र शासनाची अनुसूचित जाती व अन्य काही वर्गांसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. तिला वयाची मर्यादा पस्तीस वर्षांची आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची आठ लाखांची. उत्पन्न पाहायचे ते सरलेल्या वर्षाचे. नोकरी करणारा मनुष्य राजीनामा देऊन शिकायला निघाला की तो उद्यापासून निर्धन असतो, पण कागदावर तो कालचा पगारदारच राहतो. गरजेनुसार मिळणाऱ्या बहुतेक साहाय्यात हीच गोम आहे.

खाजगी न्यासांचे मार्ग वेगळे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये स्थापन केलेला निधी परदेशी उच्च शिक्षणासाठी पैसे देतो, पण ते कर्जाच्या रूपाने, के. सी. महिंद्रा न्यास बिनव्याजी कर्ज देतो. दोन्ही ठिकाणी 'शिष्यवृत्ती' हा शब्द वाचून आपण भेट समजतो आणि मग परतफेडीचे कलम वाचून दचकतो. दचकण्याचे कारण नाही; ज्याच्या पायांवर उभे राहण्याची खात्री आहे त्याला सवलतीचे कर्ज ही मोठीच मदत आहे. इनलॅक्स न्यासाची शिष्यवृत्ती नामांकित खरी, पण ती व्यापार-व्यवस्थापनाच्या अभ्यासाला मिळत नाही. हे न वाचता लोक महिनाभर निबंध घोटत बसतात. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षांचा अनुभव मागते, म्हणजे नोकरदारांना ती अनुकूल, मात्र एम.बी.ए.च्या शुल्कासाठी तिला कमाल मर्यादा आहे आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आहे. इतक्या गोष्टी ऐकून यजमानीणबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा सोनं मोडलेलं बरं." सगळे हसले. पण आपल्याकडे आजवर कित्येकांचे शिक्षण त्याच मार्गाने झाले आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होते.

राऊ गावापाशी पीथमपूरचा फाटा फुटतो आणि त्या रस्त्यावर भारतीय व्यवस्थापन संस्थेची टेकडी आहे. संस्था १९९६ ची, देशातली सहावी. आवार १९३ एकरांचे, नाव 'प्रबंध शिखर'. माळव्याच्या काळ्या सपाट जमिनीतून ती टेकडी एकदम वर येते आणि तिच्या अंगाखांद्यावर इमारतींच्या ओळी चढत जातात. पावसाळ्यानंतर हे दृश्य फार देखणे असते. माझा भाचा आठ वर्षे कारखान्याच्या बसमधून ह्या फाटकासमोरून सकाळी सात वाजता जातो आणि संध्याकाळी परततो. "खिडकीच्या बाजूला बसलो की मी ह्या टेकडीकडे बघायचं टाळतो," तो म्हणाला. का, असे मी विचारले नाही.

येथे दोन दरवाजे आहेत. पहिला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा. त्यासाठी नोव्हेंबरअखेर होणारी कॅट परीक्षा द्यावी लागते आणि नंतरच्या निवडीत दहावी-बारावीच्या गुणांनाही वजन असते. म्हणजे सोळाव्या वर्षी कावीळ झाल्यामुळे गणितात जे गुण गेले, ते एकतिसाव्या वर्षी पुन्हा समोर येऊन उभे राहतात. दुसरा दरवाजा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेल्यांसाठी एका वर्षाच्या पूर्ण वेळ अभ्यासक्रमाचा. शुल्क सर्वसाधारणपणे वीस लाखांच्या घरात. पूर्वी ह्या संस्था पदविका देत. २०१७ चा कायदा अंमलात आल्यापासून, म्हणजे २०१८ पासून, त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. पैशाची सोयही आता पूर्वीइतकी कठीण नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने मंजूर केलेल्या पी.एम. विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार यांच्याविना कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्क्यांची सवलत आहे. राहिले ते हप्त्यांचे गणित. वीस लाखांचे कर्ज डोक्यावर असलेला मनुष्य धर्मादाय इस्पितळात चाळीस हजारांची नोकरी धरील काय? तो सल्लागार कंपनीत जाईल, आणि त्यास दोषही देता येणार नाही. भाच्याने हे मला टेकडीच्या पायथ्याशी उभे राहून सांगितले. मला त्याचे बोलणे पटले नाही. मोठ्या संस्थेचे नाव आयुष्यभर पुरते, कर्ज दहा वर्षांत फिटते, असे माझे मत होते आणि आजही आहे.

तिसरी एक वाट त्याला कारखान्याने दाखवली होती. वरिष्ठांचे शिफारसपत्र लागते. पण ज्या वरिष्ठाकडे ते मागायचे त्याला आपण नोकरी सोडणार हे कळू द्यायचे नाही, अशा कात्रीत सगळेच नोकरदार उमेदवार सापडतात. हा मुलगा सरळ जाऊन बोलला. तेव्हा साहेबांनी उलट प्रस्ताव मांडला : शुल्काचा मोठा वाटा कारखाना देईल, परतल्यावर पाच वर्षे येथेच काम करण्याचा करारनामा लिहून द्यावा. घरातल्या सर्वांचे डोळे उजळले. त्याचे उजळले नाहीत.

राऊहून महूला रेल्वेने जाता येते. आम्ही मोटारीनेच गेलो, पण रस्ता काही अंतर लोहमार्गाच्या सोबतीने जातो. ह्या मार्गाची कथा कर्जाच्या संदर्भात सांगण्यासारखी आहे. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, मुदत एकशे एक वर्षांची आणि व्याज साडेचार टक्के. सावकार संस्थानिक आणि ऋणको साम्राज्य! आजच्या शैक्षणिक कर्जाचे दर पाहता तुकोजीरावांनी व्याज बेताचेच लावले म्हणायचे.

महूत भीमजन्मभूमीच्या स्मारकापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. पांढऱ्या संगमरवरी घुमटाखाली माणसे शांतपणे प्रदक्षिणा घालीत होती. विदर्भातून आलेली दोन-तीन कुटुंबे पायऱ्यांवर शिदोरी सोडून बसली होती. रामजी सकपाळ येथल्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म ह्या छावणीत झाला. भंवरकुआचे होळकर महाविद्यालयही त्याच वर्षाचे.

शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे कळून घ्यायचे असेल तर बाबासाहेबांच्या शिक्षणाचा जमाखर्च पाहावा. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, मुदत तीन वर्षांची, आणि बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करण्याचा करार. १९१५ मध्ये ते कोलंबियाचे एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी यांसाठी नावे दाखल केली, आणि मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये दोन्ही अभ्यास अर्धे टाकून परतावे लागले. करारानुसार बडोद्यास रुजू झाले, तर तेथे राहायला जागा मिळेना. अस्पृश्यतेने त्यांना नोकरीवरून उठवले. पुढे १९१८ पासून मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. वय एकोणतीस, पाठीमागे संसार. १९२३ पर्यंत डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी दोन्ही पदरात पडली. राजाची शिष्यवृत्ती, दुसऱ्या राजाची देणगी, मित्राचे कर्ज आणि स्वतःची बचत असे चार झरे मिळून ती विद्या झाली. त्यांतला एक झरा मध्येच आटला तेव्हा तीन वर्षे थांबावे लागले.

पायऱ्यांवर बसून भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "करारावर सही करायची तर ज्या कामासाठी शिकायचं त्याच कामाची करावी, मामा. पाच वर्षं पुन्हा कारखान्यातच काढायची, तर शिकून काय करू?" मी म्हटले, घरी जाऊन शांतपणे विचार कर. तो म्हणाला, विचार झाला आहे.

त्याने कारखान्याचा प्रस्ताव नम्रपणे नाकारला. टेकडीवरच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला नाही. तक्षशिला परिसरातल्या इस्पितळ-व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाची माहितीपत्रिका आणली. तेथले दोन वर्षांचे शुल्क त्याच्या आजच्या शिलकीतून भागते, घर सुदामानगरात आहेच, आणि मुलीला रात्री गोष्ट सांगायला बाप घरी असतो. घरखर्चाचा भार सूनबाईंच्या पगारावर येईल. तिने त्याच्याबरोबर बसून चोवीस महिन्यांचा हिशेब वहीत मांडला आहे आणि त्यात एप्रिल-मे महिन्यांपुढे, उन्हाळ्याच्या सुटीतल्या शिकवण्यांचे पैसे म्हणून, पेन्सिलीने एक आकडा लिहिला आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही हा विषय पूर्वीपासून शिकवतात, तेथेही एक अर्ज करावा असा माझा आग्रह चालू आहे. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, अद्याप रुसलेली आहे. शेजारपाजारी काय सांगायचे हा तिचा प्रश्न आहे. परवा तिने मला दूरध्वनी केला आणि विचारले, दादा, त्या टेकडीवाल्या शाळेचा अर्ज भरायची मुदत संपली का रे?